बाईंचा पूर

पावसाळा लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना 'बरं हाय न्हवं?' असं विचारत नाहीत. 'पाणी किती झालं?' असं विचारतात. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, गळ्यावर वस्तरा टेकवून न्हावी विचारतो. पंचगंगा किती फुटांवर आहे हे ज्याला सांगता येत नाही तो कोल्हापुरात पावणा. आणि मी तर नदीची पातळी आणि प्रवाह मोजणाऱ्या कार्यालयातच कामाला. पुलावरून येणारा आकडा घ्यायचा, कॉम्प्युटरवर चढवायचा आणि दिवसभर लोकांचे फोन उचलायचे, हे माझं काम. मी कोडोलीचा आणि डोक्यानं गरम. दोन-चार फोन झाले की माझा आवाज चढायचा आणि दुपारपर्यंत 'नदीलाच जाऊन इचारा की' म्हणून मी फोन आपटायला लागायचो.

तो आकडा माझ्याकडे यायचा तो बाईंकडून. पुलाजवळ आमचं मोजणी केंद्र होतं, बाई तिथल्या प्रमुख. नाव कशाला सांगू, त्या स्वतःही कुणाला नावानं हाक मारायच्या नाहीत. माणसाला त्याच्या गावानं ओळखायच्या. मी 'कोडोली'. ड्रायव्हर 'गारगोटी'. मोठे साहेब पुण्याहून आलेले, ते पाठीमागे 'पुणे'. एकदा साहेब दारात उभे असताना बाईंनी आतून मला विचारलं, "अरं कोडोली, पुणं आलं काय?" साहेब म्हणाले, "आलंय." बाईंनी शब्दानंही माफी मागितली नाही. "मग या की, च्या ठेवतो," म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी ठेवतो' असंच बोलतात, साहेबांना ते कळायला वर्ष गेलं.

बाई मूळच्या हुपरीच्या. माहेरी घरातच चांदीचं काम. वडील, भाऊ, काकू, सगळी पैंजणाच्या कड्या जोडत जगलेली. तिथून बाईंबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, पायातले जाड पैंजण. त्या पुलाच्या कुठल्या टोकाला आहेत हे मान न वळवता कळायचं. दुसरी, 'अंदाजे' या शब्दाचा राग. "चांदीत अंदाजे नसतंय आणि पाण्यातबी नसतंय," असं त्या सुनावायच्या. आमच्या ऑफिसातला एकजण मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि सहज बोलून गेला की पाच-सहाशे माणूस होईल. बाईंनी पत्रिका हातातच धरून ठेवली. "पाचशे का सहाशे? मधल्या शंभर माणसांचा भात कुणी खायाचा?" तो बिचारा घरी जाऊन यादी करत बसला. हॉटेलात मिसळ मागवली आणि पोऱ्या म्हणाला, 'पाच-धा मिनिटात येतीया,' तर बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायच्या आणि सहाव्या मिनिटाला हाक मारायच्या. तिखटाला कधी हरल्या नाहीत, पण उशिराला हरायच्या. स्वतःचं वय मात्र विचारलं की म्हणायच्या, "असंल की पन्नाशीच्या आसपास." यावर मी एकदा त्यांना डिवचलं, तर आठवडाभर माझ्याशी आकड्यापलीकडे बोलल्या नाहीत.

प्रवाह मोजायचा दिवस म्हणजे पुलावर तमाशा असायचा. चाकांचा एक छोटा लोखंडी घोडा ढकलत न्यायचा, त्याच्या दोरीला कपांचं एक चक्र आणि खाली माशाच्या आकाराचं शिशाचं वजन. ते पाण्यात सोडलं की चक्र फिरतं आणि फेऱ्यांची टिकटिक वर ऐकू येते. त्यावरून पाणी किती वेगानं पळतंय ते कळतं. बाई कठड्याला रेलून, डोळे मिटून ती टिकटिक ऐकायच्या. त्या वेळी कुणी बोललेलं खपायचं नाही. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागून कर्कश गाणी लावली तर बाई रस्त्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "बंद कर ते. नदी बोलायल्या." त्यानं खरंच बंद केलं. वर 'मासं किती गावलं बाई?' असंही विचारलं, कारण त्याला ते शिशाचं वजन दिसलं होतं. बाईंचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं. "नदी वर किती आली ते सगळी बघत्यात. खाली किती पळत्या ते कोण इचारत न्हाय."

हे सगळं गमतीचं. एका गोष्टीत मात्र बाई गंमत करायच्या नाहीत, ती म्हणजे वळणावरचं गाव. पुलाच्या खाली नदी जिथं वळते तिथं काठालाच ते वसलंय. घरटी म्हशी आणि दारापर्यंत ऊस. मोठ्या महापुरात या गावानं हालायला उशीर केला. माणसं नावेतून निघाली, जनावरं दावणीलाच राहिली. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आमच्याकडची माणसं गेली त्यात बाई होत्या. तिथं काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या होत्या, "दाव्याला गाठ तशीच हुती रं. कुणी सोडायला गेलतं असं न्हाईच."

तेव्हापासून त्यांनी त्या गावाचा ध्यास घेतला. आठवड्याच्या सुट्टीला तिथं जायच्या, गावातल्या आण्णांच्या कट्ट्यावर बसायच्या. आण्णा म्हणजे गावातले मोठे म्हैसवाले, बोलायला फटकळ. बाई आणि ते एकमेकांवर ओरडत ओरडतच चहा प्यायचे. "पाणी दारात येतंय तवा म्हशी सोडायच्या ही रीत मोडा," बाई म्हणायच्या. "म्हशी काय तुमच्या ऑफिसच्या फायली हायत व्हय, उचलून दुसऱ्या कपाटात ठिवायला?" आण्णा म्हणायचे. हे वर्षानुवर्षं चाललं.

मग पुलावर सेन्सर आला. कठड्याबाहेर एक लोखंडी हात काढला, त्याच्या टोकाला पांढरा डबा, तोंड खाली पाण्याकडे. तो लहरी सोडतो, त्या पाण्यावर आपटून परत येतात आणि पाणी किती खाली आहे ते त्याला कळतं. पातळी धोक्याच्या वर गेली की काठच्या गावांना आपोआप मेसेज जाणार. आम्हाला वाटलं, बाई आता चिडणार. त्या तर हरखल्या. डब्याचं नाव 'सूनबाई' ठेवलं. बाईंना दोन्ही मुलीच, सून यायचा प्रश्न नव्हता, ती हौस इथं भागली. "गुणाची हाय बग," त्या मला म्हणाल्या. "खाली मान घालून काम करत्या. फकस्त घरातलं सगळं वरच्या ऑफिसला कळवत्या, तेवढंच." डब्यावर कोळ्यानं जाळं केलं की बांबूला फडकं बांधून पुसायच्या. पुलावरनं निर्माल्य टाकणाऱ्यांना डब्याच्या आसपास फिरकू द्यायच्या नाहीत.

आणि वळणावरच्या गावात जाऊन त्यांनी सांगितलं, आता डोकं चालवायचं नाही. "मेसेज आला की आदी जनावरं, मग चौकशी. ऊन पडलेलं असू दे, नदी दिसू दे न दिसू दे. धरणाची दारं उघडली की उन्हातबी पाणी येतंय. शब्द द्या मला." आण्णांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "दिला शब्द. पण बाई, तुमची सून खोटं बोलली तर मग सासूचं काय खरं न्हाय."

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजायची. बाई तर सगळं पुजायच्या: चक्र, शिशाचा मासा, टेप, नदीकाठच्या मोजपट्ट्या. मीही ऑफिसात कॉम्प्युटरवर झेंडूचं फूल ठेवून हळदीकुंकू लावलं होतं. पेढा तोंडात टाकला, पडद्याकडे बघितलं आणि पेढा तसाच राहिला. पंचगंगा पुलाला टेकली होती. बाहेर लख्ख ऊन, खिडकीत चिमण्या, आणि पडद्यावर महापूर. मी बाईंना फोन लावला.

"बाई, पाणी पुलाला लागलंय म्हणतंय."

"काय पिऊन आलायस काय, कोडोली? मी पुलावरच हाय. पायतान कोरडं हाय माझं."

"मशीन सांगतंय बाई, मी न्हाई."

"मशीन? सूनबाई?" आणि फोन बंद झाला.

मी गारगोटीला गाडी काढायला लावली. पुलावर पोचलो तेव्हा वळणावरचं गाव आमच्या आधी पोचलेलं होतं. मेसेज गेला होता आणि गावानं शब्द पाळला होता. पूजा अर्धी टाकून, नव्या कपड्यांनिशी सगळ्या म्हशी माळावर चढवल्या होत्या. एकानंही आधी नदीकडं बघितलं नव्हतं, कारण बाईंनी बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं. म्हशी चढवून झाल्यावर माणसं चौकशीला वळली, तर खाली घाटावर बायका निवांत धुणं धुवायलेल्या. आण्णांचा नवा पांढरा सदरा शेणानं भरलेला. ते कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत होते.

"बाई, पूर कुठाय?"

बाई कठड्याबाहेरच्या लोखंडी हाताकडे बघत होत्या.

आण्णांची नजर हळूहळू वर आली. "आणि त्ये काय लोंबतंय?"

सेन्सरला हार होता. झेंडूचा, आंब्याची पानं गुंफलेला, मापापेक्षा लांब. सुनेचा पहिला दसरा, हार आखूड नको म्हणून बाईंनी सांगून करवून घेतलेला. आणि हाराच्या खालच्या टोकाला, थेट डब्याच्या तोंडासमोर, उन्हात चकाकत होते चांदीचे पैंजण. हुपरीहून भावाकडून घडवून आणलेले. सेन्सरला बिचाऱ्याला काय कळणार? त्याच्या लहरी चांदीवर आपटून लगेच परत आल्या आणि त्याला वाटलं, पाणी हनुवटीला लागलं.

बाईंनी बांबूच्या आकड्यानं हार काढला. माझ्या मोबाइलवर नदी धाडकन खाली गेली. बाईंनी पैंजण पदरात गुंडाळले आणि आण्णांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "अंदाजे न्हाय. सगळी."

लोक हसले, तेही पोट धरून. मीसुद्धा हसलो, न हसून करतो काय? कोल्हापूर असल्या गोष्टीवर महिनाभर जगतं. मिसळीच्या टेबलावर, तालमीत, रंकाळ्यावर एकच विषय. सुनेनं पैंजण घातलं आणि सासूला पूर आला. साहेबांनी बाईंना बोलावून चांगलं फैलावर घेतलं, बाईंनी ते ऐकून घेतलं. संध्याकाळी आण्णांचा फोन आला, तोही मलाच. दगदगीनं म्हशींनी पान्हा चोरला, बाईंना सांगा, सकाळचा चहा काळा प्यायला या.

मला वाटलं, आठ दिवसांत बाई पूर्ववत होतील. झाल्या नाहीत. एक दिवस पुलावर गेलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी मला कळलं नव्हतं. पायात पैंजण नव्हते.

"एवढं काय मनाला लावून घेतलंय?" मी म्हणालो. "हसतील आणि गप बसतील."

"हसूदेत की. हसण्याचं काय हाय?" बाई नदीकडे बघत म्हणाल्या. "पुढल्या पावसाळ्यात खरा मेसेज जाईल. तवाबी ही हसली आणि म्हशी सोडल्या न्हाईत, मग रं?"

मी चिडून म्हणालो की इतका विचार करून कुणाचं भलं झालंय. त्यांनी मला चहा दिला आणि स्वतः घेतला नाही.

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बाई गावात जात राहिल्या. पूर्वी तिथं त्या ओरडायच्या, आता ऐकून घ्यायच्या. वेशीवर पोरं 'पूर आला, पूर आला' करत मागं लागायची. आण्णा कट्ट्यावरून म्हणायचे, "या बाई, आज पाणी किती आणलंयसा?" बाई हसून बसायच्या. परत शब्द मागायचं धाडस मात्र त्यांना होईना. आमच्यासमोर त्यांनी 'न्हाय' हा शब्द हजारदा वापरला असेल, पण 'भ्या वाटतंय' हे मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाऊस लागला तो थांबेना. धरणं भरली, दारं उघडली. प्रवाह मोजायला माणसं कमी पडली म्हणून साहेबांनी मला पुलावर पाठवलं. भर दुपारी पाणी इतकं गढूळ आणि इतकं जोरात होतं की शिशाचा मासा आडवा होत होता. बाई दोरीला लोंबकळल्यासारख्या उभ्या होत्या. काठावरची मोजपट्टी आणि सूनबाई, दोघींचा आकडा एकच आला. पातळी धोक्यावर गेली आणि मेसेज सुटला.

बाईंनी दोरी माझ्या हातात दिली आणि आण्णांना फोन लावला. हात ओले म्हणून स्पीकरवर. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. परत लावला. परत वाजत राहिली. पाऊस आमच्या टोप्यांवरून ओघळत होता. बाई नुसत्या त्या फोनकडे बघत होत्या. मोजणी सोडून त्यांना जाता येत नव्हतं, आणि जाऊन तरी काय, खालचा रस्ता पाण्याखाली गेला होता.

"न्हाय ऐकणार ती," त्या म्हणाल्या. "कोडोली, न्हाय ऐकणार रं. एका हाराच्या पायी."

मला बाईंची फार कणव आली. चिडलो मी, पण कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून दोरीच घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. आण्णाच. मागं म्हशींचं हंबरणं, माणसांची आरडाओरड.

"काय बाई, म्हशी हाकायच्या का तुमचा फोन उचलायचा? एक कायतरी सांगा."

बाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. मीच ओरडलो, "आण्णा, सोडल्या म्हशी?"

"कवाच्या! मेसेज आल्या आल्या. पयल्या म्हशी माळावर पोचल्याबी."

"आवो पण एवढ्या लवकर?" बाई फोनवर वाकल्या.

"त्यात काय हाय? खंडेनवमीला केलं न्हवं समदं? कुणाची म्हस कुणी हाकायची, कुठली म्हस म्होरं चालत्या, कुठली अडत्या, तवाच कळलंय. तवा पान्हा चोरला म्हणून शिव्या दिल्या तुमास्नी. पण वाट म्हशींस्नी पाठ झाली बगा." आण्णा जरा थांबले. "तेवढं एक इचारतो, रागवू नका. पैंजण काढलंय न्हवं?"

बाई पुलाच्या फुटपाथवर तशाच पावसात खाली बसल्या. हसत होत्या का रडत होत्या, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मग पदरानं तोंड पुसून उठल्या आणि माझ्या हातातली दोरी ओढून घेतली. "ढिली का सोडलीयास? मासा कुठं गेला बघ."

पाणी त्या गावात शिरलं. गोठ्यांत कमरेएवढं उभं राहिलं आणि उतरलं. गोठे रिकामे होते.

याला आता चार-पाच वर्षं झाली. बाई इथं असत्या तर 'चार का पाच?' म्हणाल्या असत्या. त्या निवृत्त होऊन हुपरीला गेल्यात. वळणावरच्या गावात मात्र एक नवीन रीत पडली आहे. दर खंडेनवमीला पूजा झाली की सगळ्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून माळावर चढवतात आणि परत आणतात. याला ते 'बाईंचा पूर' म्हणतात. त्या दिवशी बाईंना आणायला हुपरीला गाडी जाते. सुनेसाठी घडवलेले पैंजण आण्णांच्या म्होरक्या म्हशीच्या गळ्यात घुंगरांच्या पट्ट्याला शिवलेत, बाईंनी स्वतःच दिले.

यंदा मीही गेलो होतो. माळावर म्हशींची ही गर्दी. मी आण्णांना विचारलं, "किती जनावरं असतील?"

"असतील की," आण्णा म्हणाले, "अंदाजे..."

मागं पैंजण वाजले. म्हैस तर आमच्या पुढं होती. आण्णांनी वळून न बघता जीभ चावली आणि बोट उगारून पहिल्या म्हशीपासून मोजायला सुरुवात केली.